एआयएसएचईचा फॉर्म आणि ग्रंथालयाच्या दोन ओळी

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, ज्याला महाविद्यालयांच्या कार्यालयांत सगळे एआयएसएचई म्हणतात, त्याच्या फॉर्ममधला ग्रंथालयाचा भाग गेली काही वर्षे मी स्वतः भरते. मी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हा फॉर्म म्हणजे नोडल अधिकाऱ्याचे, म्हणजे या सर्वेक्षणासाठी महाविद्यालयाने नेमलेल्या व्यक्तीचे, आणि कार्यालयाचे काम, ग्रंथालयाचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशी समजूत अनेक ठिकाणी रुजलेली आहे. ती सोडून प्रत्येक ग्रंथपालाने आपला भाग आपल्या हाताने आणि मोजून भरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठीच या सेवेचे हे परीक्षण लिहीत आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे हे सर्वेक्षण २०१०-११ या वर्षापासून होते. पूर्वी पीडीएफ स्वरूपातला फॉर्म उतरवून घ्यायचा, संगणकावर भरायचा आणि पुन्हा चढवायचा, अशी पद्धत होती. एखाद्या संगणकावर तो उघडायचाच नाही आणि मग शेजारच्या विभागातला संगणक मागून घ्यावा लागे. २०२०-२१ च्या सर्वेक्षणापासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेला ऑनलाइन फॉर्म आला आणि काम पुष्कळ सुकर झाले. ही सुधारणा मी या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू मानते. माहिती सादर झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र महाविद्यालयाने जपून ठेवावे, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या अर्जात एआयएसएचईचा क्रमांक द्यावाच लागतो.

आता ग्रंथालयापुरते बोलू. पायाभूत सुविधांच्या यादीत क्रीडांगण, सभागृह, प्रयोगशाळा यांच्या सोबतीने ग्रंथालय येते आणि आपल्याला सांगायचे असते ते इतकेच, की ग्रंथालय आहे का, पुस्तके किती आणि नियतकालिके किती. हे दोन आकडे कार्यालयातला कोणीही दोन मिनिटांत भरू शकतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होते तिथे रुजू झाल्यावर जुने फॉर्म काढून पाहिले, तेव्हा लागोपाठ तीन वर्षे पुस्तकांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच होता. त्या तीन वर्षांत खरेदी तर झालीच होती, शिवाय वाळवी लागलेली आणि अभ्यासक्रमातून गेलेली क्रमिक पुस्तके रीतसर बादही केली होती. कोणीतरी पहिल्या वर्षी ॲक्सेशन रजिस्टरमधला, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणाऱ्या वहीतला, शेवटचा क्रमांक उचलला होता आणि पुढे तोच उतरवला जात राहिला. यात लबाडी कोणाचीच नव्हती. ग्रंथालयाला कोणी विचारले नव्हते आणि ग्रंथालयानेही आपण होऊन सांगितले नव्हते.

ॲक्सेशन रजिस्टरचा शेवटचा क्रमांक म्हणजे ग्रंथालयात आजवर आलेली पुस्तके, आज असलेली नव्हेत. त्यातून बाद केलेली, हरवलेली आणि पैसे भरून घेतलेली पुस्तके वजा करावी लागतात. बुक बँकेचे, म्हणजे विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीसाठी दिल्या जाणाऱ्या क्रमिक पुस्तकांचे, संच वेगळ्या रजिस्टरमध्ये असतील तर ते मिळवावे लागतात, आणि विभागीय ग्रंथालयांत वर्षानुवर्षे पडून असलेली पुस्तके दोनदा मोजली जात नाहीत ना, हे पाहावे लागते. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा दोन शिपाई, एक ग्रंथालय सहायक आणि मी, असे चौघे जण जुन्या रजिस्टरांचे शिवण सुटलेले पुठ्ठे सांभाळत, लाल शाईने मारलेल्या रेघा मोजत बसलो होतो. सोल किंवा कोहासारखी ग्रंथालयाची संगणक प्रणाली अद्ययावत असेल तर हेच काम एका अहवालात होते, पण मागच्या नोंदी चढवलेल्या नसतील तर कागदाला पर्याय नाही.

सेवेतील उणीव अशी, की वाचनकक्षात किती विद्यार्थी बसतात, वर्षभरात किती पुस्तके घरी गेली, महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट या ई-साहित्य सेवेतून मिळणारी ई-नियतकालिके किती वापरली गेली, यांना त्या दोन ओळींत जागा नाही. २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील ९७ टक्के उच्च शिक्षण संस्थांत ग्रंथालय आहे. हा आकडा वाचून समाधान वाटते खरे, पण बंद कपाटांची खोली आणि रात्री आठपर्यंत भरलेला वाचनकक्ष या दोन्ही गोष्टी त्यात सारख्याच धरल्या जातात. अमेरिकेत उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय माहिती संकलनात शैक्षणिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यात पुस्तकांची देवघेव, आंतरग्रंथालयीन सेवा आणि खर्च हे वेगवेगळे विचारले जाते. इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्याकडे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या गावोगावच्या ग्रंथालयांना वर्ग आणि अनुदान टिकवण्यासाठी दरवर्षी आपला हिशेब द्यावा लागतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला मात्र राष्ट्रीय पातळीवर स्वतःबद्दल बोलायला मिळते ते बहुतांशी याच दोन ओळींत.

म्हणूनच त्या रिकाम्या किंवा चुकीच्या सोडू नयेत. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२१-२२ च्या अहवालात देशातील ४५,४७३ महाविद्यालयांची नोंद आहे, आणि त्यांपैकी ४२,८२५ महाविद्यालयांनी माहिती दिली. उरलेली अडीच हजारांहून अधिक महाविद्यालये आणि त्यांची ग्रंथालये त्या वर्षीच्या चित्रात आलीच नाहीत. आपल्या महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालये आहेत, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल सर्वाधिक, आणि त्यांतली बहुसंख्य खासगी शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत. संशोधन नियतकालिके एकाच राष्ट्रीय वर्गणीतून उपलब्ध करून देणारी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तिच्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. परंतु ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांपुरती. आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयांची बाजू उद्या कोणाला मांडायची झाली, तर आमच्याकडे काय आहे आणि काय नाही याचे खरे आकडे हाताशी असावेत, असे मला वाटते. फुगवलेल्या आकड्याने तर आपणच आपली गरज झाकतो.

सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. एक गुण प्रश्नांच्या तोकडेपणासाठी कापला आहे. उरलेला अर्धा यासाठी, की एकदा सादर झालेला फॉर्म दुरुस्त करायचा तर तो वरच्या नोडल अधिकाऱ्याकडून पुन्हा खुला करून घ्यावा लागतो आणि शेवटच्या आठवड्यात हे जिकिरीचे होते. त्यामुळे प्राचार्यांना आधीच भेटून, ग्रंथालयाचा आकडा ग्रंथपालाच्या सहीने नोडल अधिकाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था लावून घ्यावी. आमच्याकडे यासाठी एक साधा अर्ध्या पानाचा तक्ता आहे. त्यात मागील शिल्लक, वर्षातली भर, बाद झालेली पुस्तके आणि आजची संख्या, खाली चालू नियतकालिकांची नावानिशी यादी, आणि शेवटी ग्रंथपालाची व प्राचार्यांची सही असते. त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या फाइलमध्ये राहते. पुढच्या वर्षी नवा माणूस आला तरी त्याला सुरुवात कुठून करायची हे त्या पानावरून कळते.