तपासणीची सक्ती की स्वखुशीची माहिती?
१९७५ मध्ये लागू झालेल्या जैविक अस्त्रबंदी करारात, म्हणजे रोगजंतूंची अस्त्रं बनवू नयेत अशा देशादेशांतल्या करारात, तपासणीची तरतूदच नाही. ही उणीव भरायचे मार्ग दोन. १९८७ पासून चालू असलेला मार्ग असा, की देशांनी दरवर्षी आपल्या प्रयोगशाळांची माहिती स्वतःहून द्यायची. सोपं, स्वस्त, पण खोटं लिहिलं तर पकडणार कोण? सोव्हिएत संघाने तर करारात असूनही गुपचूप अस्त्रं बनवली. १९७९ मध्ये तिथल्या स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू हवेत सुटून किमान ६६ माणसं मेली, आणि सरकारने दोष दूषित मांसावर ढकलला.

दुसरा मार्ग सक्तीच्या तपासणीचा. लस बनवायच्या टाकीत घातक जंतूही वाढवता येतात, मग टाकी बघून हेतू कसा ओळखणार? म्हणून तो अवघड आहे खरा. २००१ मध्ये अमेरिकेने अशा तपासणीच्या नियमांचा मसुदा नाकारला. तरी मला हाच हवा. रासायनिक अस्त्रांसाठी निरीक्षक कारखान्यांत जातातच की!