स्नॉर्केलिंगचा एकच दिवस: ग्रँड केमन की बेलीझ?

अमेरिकेतली आपली मंडळी थंडीत कॅरिबियनचा बेत आखायला बसली की गाडी बहुतेक इथेच अडते. पाण्यातल्या जिवांसोबत घालवायला दिवस एकच आहे. तो ग्रँड केमन बेटावर पाकटांसाठी (स्टिंगरे) प्रसिद्ध असलेल्या स्टिंगरे सिटीला द्यायचा की बेलीझच्या होल चान या राखीव सागरी क्षेत्राला? गाईड दोन्हीकडे असतो, मास्क आणि फिन्स बोटीवरच मिळतात, पाणी दोन्हीकडे उबदार. मी दोन्ही केलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमच्यासोबत कोण येणार आहे यावर बरंच काही अवलंबून आहे, म्हणून आधी दोन्ही बाजू.

दोन्ही जागांचा उगम एकच आहे. ग्रँड केमनचे कोळी बाहेरून मासे धरून आले की नॉर्थ साउंड या खाडीच्या शांत पाण्यात बोट थांबवून मासे साफ करायचे. आतडी-डोकी पाण्यात पडायची, ती खायला पाकटं जमायची. 1980च्या दशकात डायव्हर्सनी त्यांना हातानं भरवायला सुरुवात केली आणि जागेचं नाव जगभर झालं. बेलीझमध्ये होल चानच्याच फेरीत येणाऱ्या शार्क रे ॲलीची गोष्टही हीच, फक्त तिथे पाकटांच्या जोडीला नर्स शार्कही आले. त्यामुळे एकीकडे बाजार आणि दुसरीकडे अस्पर्श निसर्ग, असा फरक मी करणार नाही. माणसाच्या हातच्या खाण्याची सवय दोन्हीकडच्या जनावरांना लागलेली आहे.

केमनचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तो वाळूचा उथळ पट्टा. भर समुद्रात कमरेएवढं पाणी, तळाला मऊ पांढरी वाळू, आणि बाहेरची रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत, लाटा अडवते म्हणून एरवी पाणी निवांत. सत्तरीतले आईबाबा, पोहता न येणारी बायको किंवा नवरा, सहा वर्षांचं पोर, सगळे एकाच वेळी पाण्यात उभे राहू शकतात. पाकटं आपणहून येतात. पाय न उचलता वाळूत सरकवत चालायचं, म्हणजे चुकून अंगावर पाय पडत नाही. गाईड स्क्विडचा तुकडा देतो. मूठ वळून, अंगठा आत दुमडून तो धरायचा. पाकट वरून येतं, पोटाखालचं तोंड मुठीवर बसतं आणि एक जोरदार ओढ जाणवते. दात लागत नाहीत. त्याचं पोट ओल्या मखमलीसारखं लागतं, पाठ मात्र खरखरीत. हा स्पर्श विसरता येत नाही, हे मी मनापासून सांगतो.

मग माझं मन तिथून का उठलं? कारण मास्क कपाळावरच राहिला.

तिथे गेल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो. बोट लागते, सगळे उतरतात, आणि गाईड एक पाकट दोन्ही हातांवर अलगद धरून फोटोसाठी एकेका कुटुंबाला बोलवायला लागतो. आधी धरून फोटो, मग त्याला पाठीशी लावून फोटो, मग मुका घेतानाचा फोटो, कारण मुका घेतला की सात वर्षं नशीब फळफळतं असं तिथे सांगतात. गाईड बिचारा नियम पाळतो, पाकट पाण्याबाहेर काढत नाही. तशी तिथे बंदीच आहे. पण शेजारी दुसरी बोट असते, पलीकडे तिसरी. शेकडो पायांनी वाळू ढवळून निघते आणि पाणी गढूळ होतं. तुम्ही रांगेत उभे, मास्क कपाळावर, आणि आपला नंबर येईपर्यंत पाण्याखाली तोंड घालावं असं काही उरलेलंच नसतं. जॉर्ज टाउन बंदराला क्रूझ जहाजं लागलेली असली तर विचारूच नका. बोटी पुढे कोरल गार्डन्स या प्रवाळाच्या जागेला नेतात, तिथे पोहायला मिळतं, पण तोवर वेळ आणि उत्साह दोन्ही फोटोंनी खाल्लेले असतात.

आणखी एक गोष्ट मला टोचते. ही पाकटं एरवी रात्री आणि एकेकटी वाळू उकरून पोट भरतात. या पट्ट्यावर ती दिवसा, घोळक्यानं फिरतात, हे संशोधकांनीही नोंदवलं आहे. मालवणला पावाचे तुकडे दाखवून मासे जमवून व्हिडिओ काढतात ते पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

होल चानचं राखीव क्षेत्र 1987 मधलं, म्हणजे आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्याच्याच वर्षीचं. सॅन पेद्रो गावाच्या दक्षिणेला बॅरियर रीफमध्ये एक खिंड आहे, साधारण 23 मीटर रुंद आणि नऊ मीटर खोल. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून खेळतं, म्हणून मोठे मासे तिथे थांबतात. परवानाधारक गाईडशिवाय आत उतरायला परवानगी नाही, आणि त्या गाईडचं काम तिथे खरोखर दिसतं. आमचा गाईड हातात लाइफबॉय घेऊन पुढे पोहत होता, दमलेल्यानं तो धरायचा. मध्येच तो श्वास रोखून खाली जायचा आणि एखाद्या कपारीकडे बोट दाखवायचा. नीट पाहिलं की अंधारातून हिरव्या मोरे ईलचं, म्हणजे सापासारख्या लांब माशाचं, तोंड उघडमीट करताना दिसायचं. समुद्रगवतावर कासव चरत होतं. आम्ही लांब थांबलो, ते सावकाश वर आलं, एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली जाऊन खायला लागलं. आणि पॅरटफिश! चोचीनं खडक कुरतडताना त्यांचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. प्रवाळावरचं शेवाळ हेच मासे साफ ठेवतात, म्हणून बेलीझनं 2009 मध्ये त्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तो आवाज ऐकल्यावर त्या बंदीचं मोल कळतं.

शार्क रे ॲली हा त्याच दिवसाचा दुसरा थांबा. इंजिनाच्या आवाजानंच नर्स शार्क बोटीभोवती गोळा होतात. दिसायला धडकी भरवतात, पण तळाचे कवचधारी जीव ओढून खाणारा हा शांत प्राणी आहे. इथेही काही गाईड खाणं टाकतात, आणि तेवढी दहा मिनिटं मला केमनचीच आठवण झाली. फरक इतकाच की ती दहा मिनिटं होती. बाकी दिवस मी पाण्यात डोकं घालून होतो.

बेलीझच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. खिंडीत प्रवाह असतो, बोटी लहान असतात, बऱ्याच बोटींवर स्वच्छतागृह नसतं, आणि वाऱ्याच्या दिवशी येता-जाता चांगलेच हेलकावे बसतात. पोहता न येणारा माणूस लाइफ जॅकेट घालून जाऊ शकतो, पण तो निर्धास्त असेल असं नाही. पाण्याची भीती असलेल्या आईला मी तिथे नेणार नाही. तिच्यासाठी केमनच बरं. प्रवाळ फोटोतल्यासारखं रंगीत दिसेल ही आशा मात्र दोन्हीकडे ठेवू नका. प्रवाळाच्या ऊती मारणारा रोग 2019 मध्ये बेलीझला आणि 2020 मध्ये केमनला पोचला, त्यात 2023ची उष्णतेची लाट. मेंदूच्या आकाराच्या प्रवाळावर पांढरे चट्टे दिसले की वाईट वाटतंच.

पैशांचा हिशेब स्थळावर नाही, टूरवर ठरतो, तरी एकंदर केमन महाग. बेलीझमध्ये भाव ऐकताना कुठला डॉलर ते विचारून घ्या; दोन बेलीझ डॉलरला एक अमेरिकन डॉलर पडतो. राखीव क्षेत्राची फी त्यात धरली आहे का, तेही विचारा. शाकाहारी असाल तर नारळाच्या दुधातला राजमा-भात पोटभर होतो, पण त्यात डुकराचं मांस किंवा चरबी आहे का ते आधी विचारा.

केमनच ठरवलंत तर जहाजांचं वेळापत्रक पाहून जहाज नसलेला दिवस निवडा, सकाळची पहिली बोट घ्या, आणि कोरल गार्डन्स आधी करणारा बोटवाला मिळतो का बघा. बेलीझ ठरवलंत तर सात-आठ जणांचीच बोट शोधा आणि शार्कना खाणं टाकणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. टाकत नाही असं ठामपणे सांगणारे गाईड तिथे मिळतात. दोन्हीकडे सनस्क्रीन क्रीमचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घाला. पाठही वाचते आणि क्रीम प्रवाळावर जात नाही.