नौपाड्यातील चार रविवार : अराज्यवादाच्या एका अभ्यासवर्गाविषयी

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अलीकडेच ‘अराज्यवाद आणि अधिकारशाही’ या विषयावर चार रविवारांचा अभ्यासवर्ग झाला. शुल्क ८०० रुपये, वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा, आणि त्यात चहा, पोहे व ६४ पानांचे छापील टिपण समाविष्ट. मी रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि राज्यशास्त्राशी माझा संबंध वर्तमानपत्रापलीकडे फारसा आलेला नाही. म्हणून पुढील मजकूर पदरचे पैसे मोजून बसलेल्या एका श्रोत्याचे मत म्हणून वाचावा. आयोजकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काही तक्रारी करायच्या आहेत आणि माणसे सज्जन आहेत.

पहिला रविवार शब्दार्थावर गेला. आपल्याकडे ‘अराजक’ हा शब्द बहुधा भीतीच्या सुरातच उच्चारला जातो. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या निधनानंतर राजा नसलेल्या देशाची दशा सांगणारे श्लोक ‘नाराजके जनपदे’ या शब्दांनीच पुन्हा पुन्हा सुरू होतात : अशा देशात पाऊस पडत नाही, पेरणी होत नाही, दारे उघडी टाकून कोणी झोपू शकत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र भीष्म युधिष्ठिराला सांगतात की एके काळी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता, तरी प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत होती. व्याख्यात्यांनी हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले आणि मगच ते ‘शास्ता नसणे’ एवढाच मूळ अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाकडे व १८४० साली ‘मालमत्ता म्हणजे काय?’ या ग्रंथात स्वतःला अभिमानाने अराज्यवादी म्हणवणाऱ्या फ्रेंच विचारवंत प्रूधाँकडे वळले. स्टेशनबाहेर रिक्षा आडव्यातिडव्या उभ्या असतात त्याला आपण अराजक म्हणतो. अराज्यवाद ही मात्र एक मागणी आहे, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती का असावी हे सिद्ध करावे आणि ते जमत नसेल तर ती सोडावी. रशियन अराज्यवादी बाकुनिनचे उदाहरण सर्वांच्या लक्षात राहिले : बुटांच्या बाबतीत मी बूट शिवणाऱ्याचे ऐकतो, परंतु त्याने माझ्यावर राज्य करावे असे त्यातून निष्पन्न होत नाही.

अधिकारशाहीची व्याख्या मात्र जेमतेम दहा मिनिटांत उरकली गेली. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनवर १९६४ साली लिहिताना राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी अधिकारशाही आणि सर्वंकष सत्ता यांत केलेला भेद सांगितला गेला, म्हणजे पहिलीला प्रजा गप्प आणि घरी बसलेली हवी असते, तर दुसरीला ती रस्त्यावर येऊन जयजयकार करणारी हवी असते. हा भेद इतका उपयोगी आहे की वर्गाच्या शीर्षकातील अर्ध्या शब्दांना तेवढाच वेळ मिळावा, हे खटकले.

दुसरा रविवार मात्र संपूर्ण शुल्क वसूल करणारा होता. विषय होता मार्क्सचा सहकारी एंगेल्सचा १८७२ साली लिहिलेला ‘अधिकाराविषयी’ हा छोटा लेख. सर्व अधिकार नाहीसा करा म्हणणाऱ्यांना एंगेल्स तीन जागा दाखवतो : सूतगिरणी, रेल्वे आणि भर समुद्रातील जहाज. असंख्य माणसांची कामे ठरलेल्या मिनिटाला जुळवायची तर कोणाची तरी इच्छा शेवटची मानावी लागते, मग ती एका माणसाची असो की समितीची. आणि रेल्वे कर्मचाऱ्यांचा उतारूंवरील अधिकार काढून घेतला तर सुटणाऱ्या पहिल्याच गाडीचे काय होईल, असे तो विचारतो. शिवाय क्रांती हीच जगातील सर्वांत अधिकारवादी गोष्ट आहे, कारण तीत काही लोक बंदुकांच्या जोरावर इतरांवर आपली इच्छा लादतात, असा टोलाही हाणतो.

रेल्वेचे नाव निघाल्यावर मला राहवले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकेरी मार्गावरील एका लहान स्थानकावर होतो. तेथे दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून चालकाच्या हाती धातूचा एक गोळा, म्हणजे टोकन, द्यावे लागे आणि पुढच्या स्थानकाच्या मास्तराने आपल्या बाजूने यंत्रावर संमती दिल्याशिवाय तो गोळा माझ्या यंत्रातून बाहेरच येत नसे. तो माझा वरिष्ठ नव्हता आणि मीही त्याचा नव्हतो. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नव्हता, पण दोघांच्या होकाराशिवाय गाडीही हलत नव्हती. हे एंगेल्सच्या अधिकारात बसते की अराज्यवाद्यांच्या परस्पर करारात, असे मी विचारले. व्याख्यात्यांनी क्षणभर विचार केला आणि रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनने ‘भाकरीचा विजय’ या १८९२ सालच्या ग्रंथात युरोपातील रेल्वे कंपन्यांचाच दाखला दिला असल्याचे सांगितले : निरनिराळ्या देशांतील कंपन्या कोणत्याही मध्यवर्ती रेल्वे सरकारावाचून, केवळ आपसांतील करारांनी, गाड्यांचे वेळापत्रक जुळवतात आणि एकमेकींचे डबे आपल्या रुळांवरून नेतात. म्हणजे ज्या रुळांवर एंगेल्सला अधिकार दिसला त्याच रुळांवर क्रोपोटकिनला करार दिसला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, आणि मी ते वर्गात सांगितले, की आम्हा दोघा मास्तरांच्या वर नियमांचे पुस्तक होते, कोणती गाडी आधी काढायची हे कंट्रोलमधून, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कार्यालयातून, कळवले जाई आणि चूक झाली तर चौकशी दोघांच्या सहमतीने होत नसे. त्यावर पाऊण तास चर्चा रंगली. अराज्यवादाच्या पुस्तकी वर्गात असे काही घडेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

तिसऱ्या रविवारी इतिहास आला. १८७२ च्या हेग अधिवेशनात बाकुनिनची ‘फर्स्ट इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून हकालपट्टी झाली आणि पुढच्याच वर्षी त्याने कामगारांच्या नावाने चालणारे राज्य हे शिकलेल्या अल्पसंख्याकांचेच राज्य होईल, असा इशारा छापला. येथपर्यंतची कथा अराज्यवाद्यांना सोयीची आहे. व्याख्यात्यांनी ती तिथेच थांबवली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. हाच बाकुनिन गुप्त मंडळ्या स्थापन करीत होता आणि पत्रांतून ‘अदृश्य हुकूमशाही’चे समर्थन करीत होता : पद नाही, गणवेश नाही, तरीही सूत्रे आपल्या हाती. माझ्या मते चार दिवसांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता, कारण अराज्यवाद आणि अधिकारशाही ही दोन टोके आहेत या समजुतीला तो मुळातच हादरा देतो. त्यानंतर रशिया : १९२० साली बोल्शेविक सरकारच्या ओलीस धरण्याच्या धोरणाविरुद्ध लेनिनला पत्र लिहिणारा वृद्ध क्रोपोटकिन, फेब्रुवारी १९२१ मधील त्याच्या अंत्ययात्रेसाठी तुरुंगातून तेवढ्यापुरते सोडलेले अराज्यवादी आणि पुढच्याच महिन्यात बंड करून उठलेल्या क्रॉनस्टाट या नाविक तळावरील खलाशांवर त्याच सरकारने केलेला हल्ला. स्पेनला शेवटची वीस मिनिटे मिळाली. यादवी युद्धात, नोव्हेंबर १९३६ मध्ये, फ्रँकोविरोधी सरकारात अराज्यवादी कामगार संघटनेचे चार प्रतिनिधी मंत्री झाले, एवढे वाक्य ऐकले आणि चहा आला. ज्यांचा सरकार या गोष्टीलाच विरोध, त्यांनी फ्रँकोला अडवण्यासाठी मंत्रिपदे घ्यावीत का, हा प्रश्न चहाबरोबरच थंड झाला.

चौथ्या रविवारी भारत होता आणि तो फसला. साहित्य चांगले जमवले होते, पण ते नुसते ओळीने वाचून दाखवले गेले. गांधीजींनी फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला ‘मीही अराज्यवादीच आहे, पण वेगळ्या प्रकारचा’ असे म्हटले तेव्हा तो शब्द बाँबवाल्यांसाठी वापरला जात होता. आणि तीन वर्षांनी सरकारने विनाचौकशी स्थानबद्धतेचा जो कायदा केला, ज्याला आपण रौलट कायदा म्हणतो, त्याच्या अधिकृत नावातच अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे हे शब्द होते. अराजकाची भीती दाखवून अधिकारशाही कशी उभी राहते याचे यापेक्षा चांगले घरचे उदाहरण नाही, आणि त्यावर एक वाक्यही चर्चा झाली नाही. शेजारच्या रायगड जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी आयुष्यभर शासनमुक्त समाजाची कल्पना मांडली, तरी आणीबाणीत त्यांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारी प्रचाराच्या कामी आले. हाही धागा सुटला. डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातील संविधानबाह्य मार्गांना उद्देशून वापरलेले ‘अराजकाचे व्याकरण’ हे शब्द फळ्यावर लिहिले गेले, पण त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग आहे असे बजावले आहे, ते एका श्रोत्याला आठवण करून द्यावे लागले. दोन्ही इशारे एकाच दिवशी, एकाच तोंडून दिले गेले होते. वर्गाचे शीर्षक त्या एका भाषणात सामावलेले असताना ते हातचे जावे, याला काय म्हणावे?

आता व्यवस्थेविषयी. खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, अध्यक्ष नव्हता, सूत्रसंचालक नव्हता, ज्याला बोलायचे त्याने बोलावे असा नियम होता. परिणाम असा झाला की दुसऱ्या रविवारपासून तीन गृहस्थ सगळा वेळ घेऊ लागले आणि मागे बसलेल्या महाविद्यालयीन मुली बहुतेक गप्पच राहिल्या. सकाळी कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये ठाण्याला चढणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल : डब्यात कोणाच्याही नावाची जागा नसते, पण नेहमीच्या ‘ग्रुप’ची जागा कोणती हे सर्वांना ठाऊक असते. गंमत म्हणजे टिपणाच्या ५१ व्या पानावर अमेरिकी स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन (Jo Freeman) यांच्या, रचना नसलेल्या संघटनांत छुपी सत्ता कशी साचते या विषयावरील निबंधाचा सारांश छापलेला होता. तो कोणी वाचून दाखवला नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येते, हे मी तक्रार म्हणून नोंदवत नाही, केवळ नोंदवतो.

टिपण उत्तम आहे. मराठी पारिभाषिक शब्द विचारपूर्वक निवडलेले आहेत आणि छपाई सुबक आहे. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करावा. पोहे पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी चांगले होते. पुढील वर्ग वाशीला घेण्याचा विचार आहे असे समजले. तेथे पाचवा रविवार वाढवून तो स्पेनला द्यावा आणि चर्चेच्या वेळी एकाला पाळीपाळीने घड्याळ धरून बसवावे, अशी लेखी सूचना मी आयोजकांकडे दिली आहे. शुल्क १००० रुपये झाले तरी मी पुन्हा जाईन, मात्र चौथ्या रविवारची तयारी नव्याने झाली आहे का, हे आधी विचारून घेईन.