जुन्या एटीव्हीचे ब्रेक लागत नाहीत: सील किट की नवा भाग?

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या कुळागरासाठी (सुपारी-नारळाच्या बागेसाठी) किंवा काणकोणच्या चढउताराच्या बागायतीसाठी जुनी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी) घेतली आणि ब्रेक नीट लागत नाहीत, तर दोनच रस्ते उरतात: सील किट (आतल्या रबरी सीलांचा नवा संच) टाकून जुनाच भाग वापरायचा किंवा अख्खा नवा बसवायचा. आमचं मत स्पष्ट आहे. कॅलिपरला (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) किट, मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेल ढकलणारा भाग) नवा.

आधी दोष ओळखा. लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर गळती नसताना तो हळूहळू हँडलकडे सरकला, तर मास्टर सिलिंडरचं सील तेल मागे सोडतंय. स्पंजासारखा लागून पंप केल्यावर कडक झाला, तर बहुधा तेलात हवा आहे. कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तेलकट किंवा गुळगुळीत झालेत, नाहीतर पिस्टन अडकलाय.

मास्टर सिलिंडरमध्ये सील सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून पुढेमागे घासतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या दमट पावसाळ्यात ते जास्तच होतं. त्या पाण्याने भिंतीला खड्डे पडले की नवं सीलही लवकर फाटतं, किटचे पैसे आणि मजुरी वाया. भिंत टॉर्चने पाहून अगदी गुळगुळीत दिसली तरच किटचा विचार करा.

कॅलिपरचं गणित उलटं. तिथे सील खाचेत बसलेलं असतं, सरकतो तो पिस्टन. त्यामुळे भिंतीवरचे बारीक डाग चालतात, पिस्टन मात्र स्वच्छ हवा. खारट हवेने खाचेत पांढरी पूड साचते, ती सीलला पिस्टनवर दाबते आणि ब्रेक जाम होतो. खाच लाकडी काडीने किंवा पितळी तारेने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नको. सीलला ताजं ब्रेक ऑइलच लावा. पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही बदला. स्लाइडिंग पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) मोकळेपणाने हलत नसतील तर नवी सीलं टाकूनही पॅड एकाच बाजूने झिजतील.

दोन्हीत बँजो बोल्टचे (तेलाची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच घाला. तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल भरा. डॉट 4 लिहिलं असेल तर डॉट 5 नको, ते सिलिकॉनचं असतं. हवा काढताना लिव्हर दाबून धरा, कॅलिपरवरचं निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा, घट्ट करा, मगच लिव्हर सोडा. टाकीतलं तेल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. एवढं करूनही लिव्हर स्पंजासारखाच राहिला, तर निप्पल वरच्या बाजूला आहे का ते बघा. जुन्या गाडीत आधीच्या कोणीतरी डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल केलेला असू शकतो, मग निप्पल खाली येतं आणि हवा वर अडकून राहते.