लपलेला तळ आणि विकत घेतलेला वेळ : ‘स्टार वॉर्स: रिबेलियन’ काही महिने खेळल्यानंतर

‘स्टार वॉर्स: रिबेलियन’ हा ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर बेतलेला बोर्ड गेम २०१६ साली आला. कोरी कोनिएच्का यांनी रचलेला हा खेळ मी गेले काही महिने सातत्याने, बहुतेक वेळा धाकट्या भावासमोर बसून, खेळतो आहे. त्यातल्या दीडशेहून अधिक प्लास्टिकच्या सोंगट्या आणि टेबल भरून टाकणारा पट यांचे कौतुक इतरांनी पुष्कळ केलेले आहे. मला लिहायचे आहे ते वेगळ्याच एका गोष्टीबद्दल. अंतराळातल्या साम्राज्यांच्या आणि बंडांच्या कथांत, म्हणजे ज्यांना आपण स्पेस ऑपेरा म्हणतो त्यांत, बंडखोरांचा गुप्त तळ हटकून असतो. तो एखाद्या ओसाड ग्रहावर असतो, तो सापडू नये म्हणून सगळ्यांची धडपड चाललेली असते, आणि शेवटी तो सापडतोच. बंडखोरांना असा तळ मुळात लागतोच कशाला, हे कथा सहसा सांगत बसत नाही. हा खेळ मात्र खेळाडूला त्याचा हिशेब मांडायला लावतो, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

नियम थोडक्यात असे. पटावर ३२ सूर्यमाला आहेत. राजधानी कोरुसांट सोडून प्रत्येकीच्या नावाचा एक, असे ३१ शोधपत्ते आहेत. बंडखोरांच्या बाजूने खेळणारा त्यांतला एक पत्ता गुपचूप निवडून उपडा ठेवतो, आणि ती सूर्यमाला म्हणजे त्याचा तळ. साम्राज्याचा खेळाडू प्रत्येक फेरीच्या अखेरीस गड्डीतले दोन पत्ते उचलतो आणि त्या दोन ठिकाणी तळ नाही एवढे त्याला कळते. साम्राज्याला जिंकायचे तर तळ शोधून तो काबीज किंवा नष्ट करावा लागतो. बंडखोरांना साम्राज्य जिंकायचे नसतेच. पटाच्या कडेला एक पट्टी आहे, तिच्यावर काळाची खूण १ वरून दर फेरीला एक घर पुढे सरकते आणि बंडखोरांच्या प्रतिष्ठेची खूण १४ वर उभी असते. एखादे उद्दिष्ट साधले की प्रतिष्ठेची खूण काळाच्या दिशेने मागे येते. दोन्ही खुणा एका घरात आल्या की बंडखोर जिंकले, मग पटावर साम्राज्याची कितीही जहाजे उभी असोत.

आता यातले गणित पाहावे. बंडखोराने एकही उद्दिष्ट साधले नाही असे धरले तरी १३ फेऱ्यांत काळाची खूण १४ वर पोहोचते. तेवढ्या फेऱ्यांत साम्राज्याच्या हाती २६ पत्ते येतात. म्हणजे शेवटच्या क्षणीसुद्धा तळाची सूर्यमाला धरून पाच ठिकाणे संशयात उरतात. नुसती शोधयाने पाठवून स्वस्थ बसणाऱ्या साम्राज्याला तळ सापडेलच असे नाही. त्याला सैन्य पाठवावे लागते, सूर्यमालांवर प्रत्यक्ष पायदळ उतरवावे लागते, आणि उतरवलेले पायदळ तिथेच अडकून पडते. प्रचंड युद्धनौका आहेत, पण त्या एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात आणि त्यांना हलवायला एक सेनानी खर्ची पडतो. सेनानी मोजकेच असतात. तोच सेनानी त्याच फेरीत एखाद्या मोहिमेवर किंवा बंडखोरांची मोहीम हाणून पाडायलाही हवा असतो.

गुप्त तळाने बंडखोरांचे बळ वाढत नाही, साम्राज्याचे बळ पातळ होते. समोरासमोर गाठ पडली तर पहिल्या काही फेऱ्यांतच निकाल लागेल, हे दोघांनाही ठाऊक असते. तळाचा ठावठिकाणा माहीत नसल्यामुळे बलाढ्य बाजूला आपले बळ सगळीकडे थोडे थोडे वाटावे लागते आणि दुबळ्या बाजूला हवी ती एक जागा निवडून तिथे घाव घालता येतो. गनिमी काव्याचे जुनेच तत्त्व आहे हे, पण इथे त्याला फेऱ्यांचे माप लावलेले आहे: तळ जितक्या फेऱ्या लपून राहील तितका वेळ बंडखोरांनी कमावला.

मग कोणी विचारेल की तळच कशाला हवा, बंडखोरांनी विखरून राहावे, म्हणजे सापडायला काही उरणारच नाही. काही कथांत भटके तांडे असतात आणि ते चालतातही. पण तांडा पळत असतो, लढा उभारत नसतो. जहाजे दुरुस्त करायची, नवे वैमानिक तयार करायचे, पकडून आणलेला आराखडा कोणीतरी शांतपणे उलगडून पाहायचा, आणि बाजू बदलून आलेल्याला ‘इथे ये’ असे सांगायचे, तर पायाखाली जमीन लागते. खेळात हे फार नेटके दाखवले आहे. बंडखोरांनी बांधलेली जहाजे आणि पथके त्यांच्या बाजूला झुकलेल्या सूर्यमालांत उतरवता येतात, पण तिथे ती उघड्यावर असतात. तळावर उतरवली तर ती पटाच्या कोपऱ्यातल्या एका स्वतंत्र चौकटीत जमतात. साम्राज्याला त्या चौकटीतल्या सोंगट्या स्पष्ट दिसतात. त्या आकाशगंगेत नेमक्या कुठे आहेत, एवढेच दिसत नाही. शत्रूला आपले सैन्य मोजता यावे पण गाठता येऊ नये, या अवस्थेची मजा बंडखोरांच्या बाजूने बसल्याशिवाय कळत नाही.

अडचण सुरू होते ती त्या चौकटीतून बाहेर पडताना. तळावरची जहाजे फक्त तळाच्या सूर्यमालेत किंवा तिच्या शेजारच्या सूर्यमालांत हलवता येतात. म्हणजे पहिले जहाज बाहेर पडले की शोधाचे वर्तुळ आकाशगंगेवरून चार-पाच ठिकाणांवर येते. पूर्ण लपलेला तळ निरुपयोगी आणि पूर्ण उपयोगात आणलेला तळ उघडा, या दोन टोकांच्या मधली खेळी म्हणजे बंडखोरांचा सगळा डाव. एका डावात माझी चौकट सैन्याने भरली होती आणि शेजारच्या सूर्यमालेत साम्राज्याचा जहाजबांधणीचा तळ अगदी तुटपुंज्या संरक्षणात उभा होता. मी तिकडे हात घातला नाही. भावाने आपल्या बाजूचे पत्ते ओळीने मांडून ठेवले होते. ते तो पुन्हा पुन्हा चाळत राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, “दादा, त्या कोपऱ्याकडे तू बघतसुद्धा नाहीस.” पुढच्या फेरीत त्याचे पायदळ तिथे उतरले. नियमपुस्तिकेत न लिहिलेली ही माहितीची गळती या खेळाचा अर्धा आनंद आहे, आणि म्हणूनच तो ओळखीच्या माणसासमोर अधिक रंगतो.

प्रत्यक्ष इतिहासातल्या बंडांनाही हा पेच चुकलेला नाही. क्युबातल्या बंडखोरांनी सिएरा माएस्त्राच्या डोंगरांतून फेब्रुवारी १९५८ मध्ये ‘रेडिओ रेबेल्दे’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. लपून बसलेल्यांनी स्वतःचा आवाज देशभर पोहोचवणे हे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु ज्यांचे अस्तित्वच कोणाला जाणवत नाही त्यांच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. खेळातली प्रतिष्ठेची खूण नेमकी हीच गोष्ट मोजते. नुसते दडून राहणारा बंडखोर १३ फेऱ्या तगला तर जिंकेलही, पण त्याआधी साम्राज्याने अर्धी आकाशगंगा पायदळी तुडवलेली असते आणि तगणे अशक्य होऊन बसते.

तळ कुठे निवडावा, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. होथ, यावीन, एन्डोर, डॅगोबा यांसारख्या दूरस्थ सूर्यमालांतून साम्राज्याला काहीच उत्पन्न मिळत नाही, त्यामुळे तिथे वाट वाकडी करून कोणी जात नाही. पण तिथे कोणी गेलेच, तर ते शोधायलाच गेलेले असते. याउलट वस्तीच्या, कारखान्यांच्या सूर्यमालेत तळ ठेवला तर साम्राज्याचे सैन्य निव्वळ उत्पादनाच्या लोभाने तिथे येऊन थडकते आणि तळ सापडतो तो चक्क योगायोगाने. माझे मत दूरस्थ जागेच्या बाजूने आहे. माझा भाऊ नेमका उलट वागतो: राजधानीपासून फार लांब नसलेल्या, सुरुवातीच्या फेऱ्यांत कोणाच्याच कामाच्या नसलेल्या जागी तो बसतो आणि माझी शोधमोहीम पटाच्या कडांना फिरत राहते.

खेळाची खरी चमक तळ हलवण्याच्या मोहिमेत आहे. बंडखोराच्या हाती सुरुवातीपासून एक मोहीम असते, जिने तळ एका सूर्यमालेतून दुसरीकडे नेता येतो. ऐकायला ही पळवाट वाटते, पण तिची किंमत जबर आहे. तळ हलला की जुनी जागा उघड होते, आणि चौकटीतल्या सगळ्या सोंगट्या उचलून पटावर त्या जुन्या जागी मांडाव्या लागतात. नवा तळ रिकामा असतो. इतक्या फेऱ्या जमवलेले सैन्य उघड्यावर मागे राहते. आयन तोफ आणि संरक्षक कवचाचे जनित्र या तर हलवताच न येणाऱ्या वस्तू आहेत, त्या जिथे बांधल्या तिथेच राहतात. त्यामुळे तटबंदी उभारण्याचा प्रत्येक निर्णय ‘आता इथून हलायचे नाही’ असा निर्णय होऊन बसतो. १९८० च्या चित्रपटातली होथची लढाई मला या खेळामुळे अधिक नीट समजली. तिथले बंडखोर तळ राखण्यासाठी लढत नव्हते. माणसांनी भरलेली वाहतूक जहाजे निघून जाईपर्यंत कवच टिकावे एवढ्यासाठी लढत होते. जागा गेली तरी चालेल, चळवळ दुसऱ्या पत्त्यावर पोहोचली पाहिजे.

इथे एक विषयांतर. खऱ्या अंतराळात लपणे अतिशय कठीण आहे. माणसे राहतात तिथे उष्णता निर्माण होते आणि ती कुठेतरी बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाची कोणतीही वस्तू साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास अवरक्त किरण फेकत असते, आणि मागे पार्श्वभूमी असते ती निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश तापमानाची. मोकळ्या पोकळीत तरंगणारे ठाणे त्यामुळे सावध शत्रूला फार काळ चुकवू शकणार नाही. लेखक तळ नेहमी ग्रहावर किंवा चंद्रावर, खडकात, बर्फाखाली का ठेवतात याचे हे एक बरे समर्थन आहे: एवढ्या मोठ्या गोळ्याच्या स्वतःच्या उष्णतेत काही हजार माणसांची ऊब हरवून जाते. दुसरा आधार संख्येचा. आपल्या आकाशगंगेत निदान शंभर अब्ज तारे असल्याचे मानले जाते, तेव्हा कुठे पाहायचे हेच ठाऊक नसेल तर चांगल्या दुर्बिणीचाही उपयोग नाही. खेळाला मात्र ३२ सूर्यमालांत भागवायचे असल्याने संख्येचा आधार सुटतो आणि त्याची जागा शोधपत्त्यांचा मंद वेग घेतो. रचनाकाराने ही तडजोड फार हुशारीने केलेली आहे.

काही गोष्टी मात्र मला खटकत राहिल्या. या खेळातला तळ फुकट चालतो. तिथे अन्न लागत नाही, इंधन लागत नाही, माल पोहोचवणारा कोणी व्यापारी नसतो आणि म्हणून फितूर होणाराही कोणी नसतो. कथांमध्ये तळ उघडा पडतो तो पुष्कळदा माणसांमुळे किंवा त्यांच्या मागे लागलेल्या एखाद्या गोष्टीमुळे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात तर सुटून जाऊ दिलेल्या यानात माग काढणारे यंत्र बसवलेले होते. खेळात पकडलेल्या नेत्याची चौकशी करण्याची सोय आहे आणि ती थरारक आहे, पण रसदीच्या वाटेवरून तळापर्यंत पोहोचणे, जे प्रत्यक्षात सर्वांत संभवनीय आहे, ते इथे नाही. ते घातले असते तर आधीच लांब असलेला खेळ आणखी लांबला असता, हेही खरे.

लढायांची पद्धत हा मूळ खोक्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. फासे टाकून मध्येच डावपेचांचे पत्ते ओढायचे, त्यांतले बरेचसे हाताशी येऊन वाया जायचे, आणि ऐन तळावरच्या निर्णायक झुंजीत खेळाची गती मंदावायची. २०१७ मध्ये आलेल्या ‘राइज ऑफ द एम्पायर’ या विस्तारसंचाने ही पद्धत बदलली आणि मी आता त्या संचाशिवाय खेळत नाही. तीन किंवा चार जणांसाठी प्रत्येक बाजूची सूत्रे दोघांत वाटून देण्याचे नियम आहेत. त्यांत सल्लामसलत उघडपणे करावी लागते, आणि ज्या खेळाचा प्राण गुपितात आहे त्यात ते जमत नाही. हा दोघांचाच खेळ समजावा.

खोक्यावर तीन ते चार तासांचा अवधी लिहिलेला आहे आणि तो प्रामाणिक आहे, फक्त नवख्यांनी थोडा वेळ वाढवून धरावा. नवा माणूस पहिल्यांदा साम्राज्याकडून खेळला तर बरे, कारण त्या बाजूला काय करायचे ते निदान स्पष्ट असते. बंडखोरांना स्वतःच्याच हातातली अर्धी शक्ती न वापरण्याचा संयम लागतो. पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच तळ नशिबाने सापडला आणि तो हलवण्याची मोहीमही फसली, तर उरलेला वेळ केवळ औपचारिक होतो. असे क्वचित घडते, पण घडले की आम्ही सोंगट्या गोळा करून बाजू बदलतो आणि डाव नव्याने मांडतो.