कोल्टचं मॉडेल घेतलं, गेट एक नंबर पण दांडीनं घात केला

आधीच सांगतो ही खरी नाही, गोळी उडत नाही, लगेच पोलिसात फोन करू नका. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या अमेरिकन रिव्हॉल्व्हरचं धातूचं शोपीस आहे, सोबत सहा नकली काडतुसं, ऑनलाइन साडेचार हजाराला पडलं. साताऱ्यात एमआयडीसीत टर्नर म्हणून २२ वर्षं काढली, त्यामुळं सिनेमातल्या काऊबॉयची म्हणून मला काही कौतुक नाही, फक्त भरतात कशी आणि उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी काढतात कशी ते हातात घेऊन बघायचं होतं.

यात सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग, बाजूला निघत नाही आणि रिव्हॉल्व्हर मधून मोडत पण नाही, फ्रेम अखंड. उजव्या बाजूला मागं एक छोटं झाकण, तेच लोडिंग गेट. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, अंगठ्यानं ओढायचा, दुसऱ्या टिकला म्हणजे अर्ध्यावर थांबायचं, मग सिलिंडर मोकळं फिरतं, गेट उघडून एक काडतूस सरकवा, एक टिक फिरवा, पुढचं सरकवा. मॉडेलमधे हे सगळं जसंच्या तसं आहे आणि गेट असं चपखल बसतंय की कागद घालून बघितला, गेला नाही. इथं पैसे वसूल.

आता दांडी. नळीच्या खाली उजवीकडं एक नळकांडं असतं, त्यात स्प्रिंगवरची दांडी, ती मागं ढकलली की पुंगळी गेटमधनं बाहेर, अशी एकेक करून सहा वेळा. आमच्या मॉडेलमधे पुंगळी अर्धी बाहेर येती आणि अडकती, मग ओढा नखानं. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावलं तर दांडी ८ मिमी आखूड! विक्रेत्याला फोन केला तर म्हणतोय सर शोपीस आहे, एवढं कोण बघतंय. अरे मी बघतोय ना.

भाऊजी म्हणाले एवढा कुटाणा कशाला, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं डॉट ३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडलं की सगळ्या पुंगळ्या एकदम वर येतात. बरोबर आहे, आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीनं तसलं मॉडेल ३ तर १८७० लाच काढलं होतं. पण बिजागरी आणि वरची कडी आली की झीज आली, खुळखुळ आली. अखंड फ्रेमला ती भानगडच नाही, म्हणून भरायला वेळ खाऊनही हे डिझाइन टिकलं. पुढं रुगर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं आपल्या असल्याच रिव्हॉल्व्हरमधे १९७३ ला गेट उघडलं की सिलिंडर मोकळं होईल अशी सोय केली, घोडा अर्धा ओढायची गरजच नाही.

घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. अर्ध्यावरनं घोडा तसाच खाली सोडायचा नाही, पूर्ण मागं ओढून मगच अंगठ्यानं हळू सोडायचा. नाहीतर सिलिंडर जागेवर अडवणारा खालचा खटका खाचेत न बसता सिलिंडरवर घासतो. आमच्या भाच्यानं तासभर कडाकडा वाजवली आणि चकचकीत सिलिंडरला गोल रेघ पाडली, वर विचारतोय मामा ही डिझाइन आहे का.

पॅकिंग ठीक, मूठ प्लास्टिकची, लाकडाची म्हणून विकू नका. पाचात साडेतीन. खंडेनवमीला व्हर्नियर, पान्यांच्या शेजारी ठेवून हळदकुंकू लावलं, सौ. हसत होत्या. दांडी मी लेथवर दुसरी केलीय, आता पुंगळी टपकन खाली पडती.