पट्टा नवा मिळाला, क्लिप मात्र गेली

दादर पश्चिमेच्या एका घड्याळांच्या दुकानात मी मनगटी घड्याळाचा चामड्याचा पट्टा बदलून घेतला. पट्टा खोटा निघाला, पण त्याचं दुःख कमी आहे. खोटा पट्टा एका पावसाळ्यात आपणहून उघडा पडतो. मोठी चोरी जुन्या पट्ट्याबरोबर झाली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होऊनही मला बराच काळ दिसली नाही. घड्याळाचा पट्टा बदलायला जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आधी माहीत असावी म्हणून सविस्तर लिहितोय.

घड्याळ टिसॉटचं, 'ल लोक्ल' नावाचं. स्वित्झर्लंडच्या ज्या गावात ही कंपनी १८५३ साली सुरू झाली त्या गावाचंच नाव. ताईनं माझ्या लग्नात दिलेलं. पाठीमागे काच आहे, आतलं मशीन फिरताना दिसतं. पट्टा वासराच्या चामड्याचा, त्यावर मगरीच्या कातड्यासारखा ठसा. आणि साध्या बकलऐवजी स्टीलची क्लिप. दोन्ही बाजूंची बटणं दाबली की तिची पाती दोन्हीकडे उघडतात, म्हणून बाजारात तिला बटरफ्लाय क्लिप म्हणतात. हिचा फायदा असा की पट्टा रोज भोकापाशी वाकत नाही, त्यामुळे जास्त टिकतो. शिवाय क्लिप उघडली तरी कडं अखंड राहतं, घालता-काढताना घड्याळ हातातून निसटत नाही. पट्टे बदलत राहतात. क्लिप मात्र घड्याळाइतकीच टिकायची वस्तू आहे.

मुंबईच्या घामात चामडं फार दिवस तग धरत नाही. आतून काळं पडतं, वास यायला लागतो, घड्याळाला जोडणाऱ्या पिनपाशी चिरतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर मूळ पट्ट्याचा भाव ऐकून त्याच पैशात एक नवीन बरं घड्याळ येईल असं वाटलं. म्हणून दादर.

दुकानदार गोड बोलणारा. घड्याळ हातात घेऊन नुसत्या नजरेनं म्हणाला, "साहेब, वीसचा बसेल." हे वीस म्हणजे वीस मिलिमीटर, पट्टा जिथे अडकतो त्या दोन दांड्यांमधलं अंतर. त्या दांड्यांना लग म्हणतात. माझ्या घड्याळाचं हे अंतर एकोणीस आहे. बाजारात अठरा, वीस आणि बावीसचे पट्टे ढिगानं मिळतात, एकोणीसचे शोधावे लागतात. मी तसं म्हटलं, तर तो हसला. "एक एमएमनं काय होतं? चामडं आहे, दबतं." मऊ चामडं थोडं दबतं हे खरंच आहे, म्हणूनच ही थाप पचते. पण त्यानं पट्टा दाबला नाही. दोन्ही टोकांच्या कडा ब्लेडनं तासल्या. कडेची शिवण आणि रंग गेला की तिथून पाणी आत शिरतं, पण तासलेला भाग लगच्या मधे दडत असल्यानं दुकानात काही दिसत नाही.

पट्ट्याच्या मागे 'जेन्युईन लेदर' असा ठसा होता. भाव चौदाशे. वर म्हणाला, "ठसा नाही साहेब, असली मगर आहे." इथे मात्र मला हसू आलं. भारतात मगरवर्गातल्या तीन जाती आहेत, मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि सुसर, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिन्ही आहेत. तिचं कातडं चौदाशे रुपयांत दादरला टांगलेलं असायचं काही कारण नाही. ठशाचा पट्टा असणं ही फसवणूक नव्हे. चांगल्या कंपन्याही वासराच्या चामड्यावरच ठसा उठवतात आणि तसं सांगतात. मी तो पट्टा साधं चामडं समजून घेतला, मगर समजून नाही.

"क्लिप जुनीच लावा," मी म्हटलं. "हो हो, तीच लावणार ना." आणि घड्याळ घेऊन तो पडद्यामागे गेला. पिन काढायचं हत्यार आत आहे म्हणाला. पट्टा बदलायचं काम दोन मिनिटांचं असतं. त्याला बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा क्लिप चकचकीत दिसत होती. मी विचारायच्या आतच म्हणाला, "क्लिप पॉलिश करून दिली, साहेब. तिचे पैसे नाही घेत."

या एका वाक्याला दाद द्यायला हवी. क्लिप वेगळी का दिसते या प्रश्नाचं उत्तर त्यानं प्रश्न पडायच्या आधीच दिलं होतं, वर माझ्यावर उपकारही चढवला. मी त्याचे आभार मानले. जुना पट्टा मागितला तर काउंटरखालच्या एका डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो टाकला कचऱ्यात, आता त्याचं काय करणार?" बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा लागेल." पैसे मोबाइलवरून दिले होते तेवढी एक नोंद राहिली, आणि पुढे तीच कामाला आली.

पहिल्याच पावसात तासलेल्या कडेपासून वरचा थर सुटायला लागला. खाली चामडं नव्हतंच, पांढरट कापडाचं अस्तर होतं. म्हणजे रेक्झिन. मग क्लिपवरचं टिसॉटचं अक्षर पुसट झालं. हे मला आधी घामामुळे वाटलं. पण मूळ क्लिपवर नाव कोरलेलं होतं, आणि कोरलेलं अक्षर घामानं पुसत नाही. शेवटी एका दुपारी ऑफिसात टाइप करताना घड्याळ मनगटावरून सुटून टेबलावर पडलं. पिन निसटली होती. काच नीलमणी जातीची असल्यानं वाचली. स्टेशनच्या जिन्यात पडलं असतं तर मशीनचं काय झालं असतं ते सांगायला नको.

ठाण्यात आमच्या घराजवळ एक वयस्कर घड्याळजी बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मला न विचारताच बोलायला सुरुवात केली. "पिन बारीक आहे. लगच्या भोकात हलते, बघा." पट्ट्याच्या टोकातून जाणारी ही स्प्रिंगवाली पिन लांबीनं बरोबर असली तरी तिची टोकं भोकापेक्षा बारीक असली तर ती खुळखुळते, वाकते आणि एक दिवस सुटते. कंपनीच्या जाड पिना काढून चिल्लर पिना घातल्या होत्या. लगच्या आतल्या बाजूला ओरखडे होते, म्हणजे पिन काढायचं हत्यार न वापरता स्क्रूड्रायव्हर घुसवला होता. मग त्यांनी क्लिपला चुंबक लावलं. पाती टचकन चिकटली. चांगल्या घड्याळांना जे ३१६एल स्टील वापरतात ते सहसा चुंबकाला धरत नाही. "ही तुमची नाही," काका म्हणाले. "वर पाणी चढवलेलं लोखंड आहे."

मी म्हटलं, एका क्लिपसाठी एवढा खटाटोप कोण करेल? त्यावर काकांनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुन्या घड्याळांच्या बाजारात कंपनीचं नाव कोरलेलं बकल किंवा क्लिप असली की घड्याळाचा भाव वाढतो, कारण घेणाऱ्याला ते घड्याळ अस्सल असल्याची खूण वाटते. त्यामुळे सुटी मूळ बकलं स्वतंत्र विकली जातात. पट्टा विकून दुकानदाराला जे सुटतं त्याच्यापेक्षा तुमच्या जुन्या पट्ट्याला लटकलेल्या तुकड्यात जास्त सुटतं. "पट्टा तुम्हाला फुकट दिला असता तरी तो फायद्यात होता." मला काउंटरखालचा तो डबा आठवला. पट्टे कचऱ्यात जात असते तर ते पत्र्याच्या डब्यात एकावर एक नीट रचलेले नसते.

दुकानात परत गेलो. पट्ट्याचा विषय काढल्यावर तो गोडच होता, मोबाइलवरची नोंद दाखवल्यावर "चला, तुमच्यासाठी" म्हणत पैसेही परत केले. क्लिप म्हटल्याबरोबर सूर बदलला. "तुम्ही आणली तीच आहे. पॉलिश केल्यावर वेगळी दिसते." ताईनं घड्याळ पाठवताना पाठवलेले फोटो मी दाखवले, त्यात कोरलेलं नाव स्पष्ट दिसतं. त्यानं कानावर हात ठेवले. फोटो कुठल्याही घड्याळाचा असू शकतो म्हणाला, आणि कायद्याच्या भाषेत त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फोटो घड्याळाचा होता, पण त्याच्या ताब्यात दिलं त्या दिवशीचा नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे 'जीएसटी वेगळा' हे उत्तर दुकानदारालाच अडचणीत आणतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी नाही. पण क्लिप परत मिळेल अशी आशा मला नाही. ती आत्तापर्यंत कुणाच्या तरी मनगटावर गेली असेल.

आता कामाचं. पट्टा घ्यायला जाण्याआधी घरीच लगमधलं अंतर मोजा. जुना पट्टा मोजू नका, तो फुगलेला किंवा दबलेला असतो. लगच्या आतून आतलं अंतर मोजायचं, व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असेल तर उत्तम, नसेल तर साधी पट्टी चालते. एकोणीस किंवा एकवीस आलं तर तोच आकडा मागा. अठराचा घातला तर बाजूला फट दिसते आणि पिनेवर पट्टा सरकत राहतो. चामडं ओळखायला पट्टा वाकवून बघा. खऱ्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. रेक्झिनची घडी गुळगुळीत पडते. भोकाच्या आत डोकावलं की तंतू दिसतात की कापड, ते कळतं. 'जेन्युईन लेदर' या ठशावर जाऊ नका. खरा असला तरी चामड्याच्या खालच्या थराला वरून लेप दिलेला मालही याच नावानं विकला जातो. चामडं खरं आहे हे पटवायला काडी पेटवून दाखवणाऱ्या दुकानदारापासून तर लांबच राहा, तो जाळतो ते टोक आणि विकतो तो पट्टा एकाच मालाचे असतील याची खात्री काय?

बसवणं खरं तर घरी जमतं. हल्ली पट्ट्याच्या मागे छोटी खिटी असलेले पट्टे मिळतात, ती नखानं सरकवली की पिन आत जाते, हत्यार लागतच नाही. मी आता तसाच एकोणीसचा घेतला आहे, साध्या बकलचा. साध्या पिनेसाठी दोन दातांचं हत्यार स्वस्तात येतं. लगला आतून-बाहेरून चिकटपट्टी लावायची म्हणजे ओरखडा पडत नाही, घड्याळ मऊ कापडावर पालथं ठेवायचं, आणि बकलचा आखूड तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला. पिन दोन्ही भोकांत बसली की 'टिक' असा आवाज येतो. त्यावर विश्वास न ठेवता पट्टा दोन-तीनदा चांगला ओढून बघा. सुटायचा असेल तर गादीवर सुटलेला बरा.

दुकानातच करून घ्यायचं असेल तर घड्याळ हातातून देण्याआधी त्याच काउंटरवर, दुकानदारासमोर, क्लिपचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आतल्या पात्यावरची अक्षरं दिसतील असे. त्याला ते दिसणं फोटोपेक्षाही महत्त्वाचं. काम समोर बसून करा म्हणा, पडद्यामागे नको. 'साहेब, विश्वास नाही का' हे ऐकावं लागेल, ऐकून घ्या. जुना पट्टा, क्लिप, दोन्ही पिना मोजून मागून घ्या, फाटका पट्टा असला तरी. बिलावर 'मूळ क्लिप परत दिली' एवढं लिहून घ्यायला कुणी चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ठाण्याच्या काकांनी तर हसत हसत लिहून दिलं.

स्टीलच्या पट्ट्यालाही हेच लागू आहे, पण तिथे वस्तू वेगळी. नवीन घड्याळाचा पट्टा हाताच्या मापाला आखूड करताना दोन-तीन कड्या काढतात. त्या कड्या तुमच्या आहेत. उद्या हात भरला किंवा घड्याळ मुलाला दिलं तर त्याच लागतात, आणि त्याच घाटाच्या सुट्या कड्या नंतर कंपनीकडेही मिळतील असं नाही. कागदात गुंडाळून, त्यावर घड्याळाचं नाव लिहून, मूळ डब्यात ठेवा. आणि दुकानदार म्हणाला की त्या वाकड्या झाल्या, फेकल्या, तर वाकड्याच द्या म्हणा.